औषधाला न जुमानणारे

माझ्या बाबांचं कराडकडच्या एका तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान होतं. छत्तीस वर्षं ते काउंटरमागे उभे राहिले. गावात त्यांना कुणी नावानं ओळखत नसे, ते सगळ्यांचे 'मेडिकलवाले' होते. आई गेल्यावर त्यांनी दुकान माझ्या चुलतभावाच्या हाती दिलं आणि दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे नेदरलँड्समधल्या हार्लेमला येऊ लागले. इथल्या मराठी मंडळींत त्यांची फार वट होती. त्याचं कारण सरळच सांगते. ते येताना अँटिबायोटिक्स आणायचे.

इथला हाउसआर्ट्स, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, गोळ्या देत नाही ही आमच्या ग्रुपमधली कायमची तक्रार. घसा दुखतोय? पॅरासिटामॉल घ्या. ताप आहे? पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आठवड्यानं फोन करा. पुण्यात ज्याला दहा मिनिटांत तीन गोळ्यांची पुडी मिळत होती, त्याला हा उघड अपमान वाटतो. मलाही वाटायचा. म्हणून बाबांचं तिकीट निघालं की ग्रुपवर मेसेज जायचा, 'काका येताहेत, कुणाला काय हवंय?' तो मेसेज मीच टाकायचे. यादी मीच करायचे. बाबा त्याप्रमाणे पाकिटं लावायचे आणि चकलीच्या मोठ्या डब्यात, वर चकल्यांचा एक थर पसरून, सगळं घेऊन यायचे. त्या डब्याच्या जोरावर मी स्वतः तीन हिवाळे काढले. स्लोटरडाइक भागातल्या माझ्या ऑफिसात सगळे नाक पुसत बसलेले असताना मी पाच दिवसांच्या कोर्सची गोळी तीन दिवस घेऊन हुशारीनं फिरत असे. सर्दी तशीही तीन दिवसांनी उतरणारच होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा आले ते कोल्हापूरला मुतखड्याचं ऑपरेशन करूनच. चार दिवस हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, महिन्याभरानं ते विमानात बसले. इथे आल्यावर आठवड्यातच त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. आम्हाला ते काही बोलले नाहीत. डबा उघडला, सिप्रोची पट्टी काढली, दोन दिवस घेतली. बरं वाटलं, थांबले. सहा-सात दिवसांनी जळजळ परत आली. परत दोन दिवस गोळ्या, परत आराम. तिसऱ्या वेळी आराम पडला नाही, तेव्हा त्यांनी दुसऱ्या औषधाची पट्टी फोडली.

शनिवारी सकाळी मी त्यांना चौकातल्या बाजारात घेऊन गेले होते. ऊन चांगलं होतं. चेरी निवडता निवडता ते एकदम थांबले. त्यांचे दात वाजत होते.

“बाबा, काय होतंय?”

“काही नाही. थंडी वाजतेय.”

लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. मी हात लावला तर अंग भाजत होतं.

शनिवार-रविवारी इथे तातडीच्या डॉक्टरांचा वेगळा नंबर असतो. तो लावला. वय, ताप, हुडहुडी आणि मागचं ऑपरेशन एवढं ऐकल्यावर पलीकडची बाई पॅरासिटामॉल वगैरे काही म्हणाली नाही. “आत्ता या,” म्हणाली. तिथून आम्हाला थेट हॉस्पिटलात पाठवलं.

तातडीच्या विभागात नर्सनं बरेच प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता, “गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या हॉस्पिटलात दाखल होते का?” मी हो म्हटलं. कुठे? भारतात. तिनं मान डोलावली, हसून “एक मिनिट” म्हणाली आणि बाहेर गेली. परत आली ती पिवळा गाऊन, हातमोजे आणि मास्क चढवून. बाबांना एकट्याच्या खोलीत हलवलं, जिच्या बाहेर आणखी एक छोटी खोली आणि दुसरं दार होतं. दारावर कार्ड लागलं. नाकात, घशात आणि जिथे सांगायला लाज वाटते तिथे कापसाच्या काड्या फिरवून नमुने घेतले.

बाबा तापातही सगळं पाहत होते. मला म्हणाले, “काय गं, मला महारोग झालाय का?”

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्या छोट्या खोलीत जाऊन नर्सला गाठलं. “तुमचा माणूस स्पेनला सुटीवर गेला, तिथे पाय मोडून हॉस्पिटलात राहिला, तर त्यालाही असंच बांधून ठेवता का? की भारत ऐकलं की पिवळे झगे बाहेर येतात?”

ती माझ्याहून लहान असेल. गाऊनची गाठ सोडता सोडता म्हणाली, “औषधाला न जुमानणारे जंतू सोबत आलेत का, ते बघतो. स्पेनहून आला तरी हेच करतो. इथल्या डुकरांच्या फार्मवर काम करणारा आला, तरी हेच. मागच्याच आठवड्यात त्या खोलीत एक शेतकरी होता. तो तर तुमच्याहून जोरात ओरडला.”

राग मात्र गेला नाही. मी तो तसाच घेऊन खुर्चीवर बसले.

पहिलं औषध सलाइनमधून दोन दिवस चाललं आणि ताप हटला नाही. एकशे तीनवर जायचा, घाम फुटून उतरायचा, परत चढायचा. बाबा बडबडायला लागले. दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलत होते. “सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर,” असं मला समजावून सांगत होते. पिवळ्या गाऊनमध्ये, हातमोज्यातून त्यांचा हात धरून मी बसले होते आणि प्रथमच घाबरले होते. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा निकाल आला आणि औषध बदललं. नवं औषध राखून ठेवलेल्यांपैकी होतं, बाकी काही चालत नाही तेव्हाच काढायचं. चोवीस तासांत ताप खाली आला. पाचव्या दिवशी बाबांनी चहा मागितला, तो आल्यावर त्याला नावं ठेवली, आणि मला कळलं की आता धोका टळला.

त्याच दुपारी प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई खोलीत आल्या. उंच, पन्नाशी ओलांडलेल्या, जंतूंचा अभ्यास हेच त्यांचं काम. बाबांनी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. फार्मसीच्या डिप्लोम्याचं त्यांचं इंग्रजी औषधांच्या बाबतीत कुठेही अडत नाही.

“तुम्ही सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं होतंत?” त्यांनी विचारलं.

“हो. पाचशेची. दिवसातून दोनदा.”

“किती दिवस?”

“दोन. बरं वाटलं.”

“मग?”

“मग आठवड्यानं परत दोन. त्यानंतर परत.”

त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बाबांना बरं वाटलं असतं. ते उशीला टेकून सरळ बसले. “म्हणजे जंतूंना औषधाची सवय झाली. मला माहीत आहे. मी छत्तीस वर्षं हे गिऱ्हाइकांना सांगत आलोय.”

“सवय कुणालाच झाली नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शरीराला नाही आणि त्यांनाही नाही. जंतूला तुमची गोळी माहीतसुद्धा नसते. तो काही शिकत नाही.”

“मग गोळी चालत कशी नाही?”

त्यांनी टेबलावरचं जेवणाच्या पर्यायांचं कार्ड उलटं केलं आणि पेन काढलं. जंतू एकाचे दोन होतात, त्याआधी त्याला आपल्या आतला सगळा मजकूर, म्हणजे डीएनए, उतरवून काढावा लागतो, त्या सांगत होत्या. लाखो अक्षरांचा मजकूर, आणि जोमात असेल तर तासाभराच्या आत. उतरवण्याचं काम तो फार काटेकोर करतो, पण कधीतरी एखादं अक्षर घसरतं. बहुतेक घसरलेली अक्षरं काही कामाची नसतात. काही तर त्याचाच जीव घेतात. पण मूत्राशयात कोट्यवधी जंतू आहेत, आणि प्रत्येक जण उतरवतोच आहे.

“तुमची गोळी जंतूच्या आतल्या एका प्रथिनाला घट्ट धरते,” त्या म्हणाल्या. “मजकुराचा जो दोरा आहे, त्याचा पीळ हे प्रथिन सोडवतं. त्याला धरून ठेवलं की उतरवणं थांबतं आणि जंतू मरतो. आता त्या प्रथिनाच्या नेमक्या त्या जागचं एक अक्षर चुकून बदललं, तर गोळीची पकड सैल होते.”

“गोळी घेतल्यामुळे बदलतं?”

“नाही. बहुतेकदा आधीच बदललेलं असतं. कोट्यवधींत तो एखादाच असतो आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो. मग तुम्ही गोळी घेता. बाकीचे मरतात. जागा आणि खाणंपिणं सगळं त्याला मोकळं. एका अक्षरानं पकड पुरती सुटत नाही, म्हणून पुरेशा औषधापुढे तो कदाचित टिकला नसता. पण तुम्ही थांबलात. त्याची प्रजा वाढली. त्या प्रजेत कुणाचं तरी दुसरं अक्षर घसरलं. तुम्ही परत दोन दिवस गोळी घेतलीत आणि त्याला निवडून काढलंत.”

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. चूक म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट, हे माझ्या हाडात बसलेलं. एका चुकीच्या अक्षरावर कुणाची पिढ्यान् पिढ्या भरभराट होते, हे ऐकून मी ते कार्ड माझ्याकडे ओढून परत बघितलं.

बाबांचं कार्डाकडे लक्षच नव्हतं. “हे कोल्हापुरातूनही आलं असेल,” ते म्हणाले.

“असेल,” त्या लगेच म्हणाल्या. “तुमच्याच आतड्यात आधीपासून असेल. इतर औषधांना न जुमानण्याची ताकद तर त्यानं दुसऱ्या जंतूंकडून आयती घेतलेली दिसते. ते एकमेकांना देतात अशा गोष्टी. पहिला कुठे तयार झाला, हे मी सांगू शकत नाही.”

“मग माझ्याकडे बोट का दाखवता?” बाबांचा आवाज चढला. हाताला सलाइन, अंगात हॉस्पिटलचा मागून उघडा झगा, आणि ते दुकानात उभे राहायचे तसे ताठ बसले होते. “तुमच्याकडे प्रत्येकाला डॉक्टर आहे. माझ्याकडे वाडीवरून बाई यायची, कडेवर तापलेलं मूल घेऊन. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी तेवढाही नाही. तिला मी काय सांगायचं होतं? पॅरासिटामॉल घे आणि आठवड्यानं फोन कर? तिच्याकडे फोन नव्हता. मी गोळी दिली. मुलं वाचली. माझ्या काउंटरवर वाचलेली माणसं आज नातवंडं घेऊन दुकानात येतात. मला त्याची लाज वाटत नाही. वाटणारही नाही.”

डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं. “मी तिथे असते तर मीही दिली असती,” त्या म्हणाल्या. “आणि आमच्याकडे कित्येक वर्षं डुकरांना आणि कोंबड्यांना अँटिबायोटिक्स चारली गेली. त्यांना तर डॉक्टर होता. मी बोट दाखवायला आले नाही. उरलेली औषधं कशी वाचवायची, एवढंच बोलायला आले.”

बाबांनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, “मला बघायचंय.”

“काय?”

“निकाल. नुसता कागद नको. जंतू वाढवता ती बशी.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी फोनवर फोटो आणला. गोल काचेची बशी, तिच्यावर जंतूंची मळकट साय पसरलेली, आणि त्या सायीवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या पांढऱ्या टिकल्या. जिथे औषध चालतं तिथे टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, जंतू जवळ येऊ शकत नाहीत. प्रत्येक टिकलीवर औषधाची इंग्रजी आद्याक्षरं होती. डॉक्टरबाई सांगायच्या आतच बाबा वाचायला लागले. “हे अ‍ॅमॉक्सी. हे सिप्रो. हे आपण खालच्या फळीवर ठेवायचो, मुलांचं सिरप पण यायचं.” त्यांचं बोट काचेवरून सरकत होतं, जणू दुकानातल्या कपाटावरूनच. एकाही ओळखीच्या टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. साय अगदी कागदाला चिकटून वाढली होती. दोनच टिकल्यांभोवती मोकळी जागा होती, आणि ती दोन औषधं त्यांनी दुकानात कधी ठेवलीच नव्हती.

“माझं सगळं कपाट गेलं,” ते मराठीत म्हणाले. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

सातव्या दिवशी बाबांना घरी सोडलं. सलाइनची नळी दंडात तशीच होती. पुढचे दिवस एक नर्स सायकलवरून रोज घरी येऊन औषध देत असे. बाबा त्या वेळी घड्याळ घेऊन बसायचे. ती चार मिनिटं उशिरा आली तर विचारायचे, “डोस चुकला तर?” तिला ते आवडायचं.

उपचार संपत आले तेव्हा पलीकडच्या गल्लीतली एक मैत्रीण मुलाला घेऊन आली. ती मुंबईची, तिचं मूल दीड वर्षाचं. तीन दिवस ताप, सर्दी, खोकला. यादीत तिचं नाव होतं, तिच्यासाठीचं सिरप डब्यात होतं.

“काका, ते द्या ना. हाउसआर्ट्सची असिस्टंट फोनवर नुसतं पाणी पाजा म्हणते. ह्यांना मूल मेल्यावर जाग येणार आहे.”

“सिरप मिळणार नाही,” बाबा म्हणाले.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “तुम्ही माझ्यासाठीच आणलंय ना?”

“आणलंय. देणार नाही.”

“काका, त्याला ताप आहे!”

“म्हणूनच त्याला डॉक्टरनं बघायला हवं, मी नाही. मी त्याच्या छातीत काय चाललंय ते ऐकलेलं नाही. साधी सर्दी असेल तर हे सिरप तिला काही करणार नाही. फक्त त्याच्या पोटातले बिचारे जंतू मारेल आणि माजलेले ठेवेल. माझ्या पोटात ठेवलेत तसे.”

ती माझ्याकडे वळली. “तू सांग ना यांना.” तिच्या आवाजात रडू होतं. मी तिच्या जागी असंच केलं असतं, आणि केलंही होतं. तरीही मी म्हटलं, “बाबा बरोबर बोलताहेत.”

पण बाबांनी तिला नुसतं परत पाठवलं नाही. मला हाउसआर्ट्सकडे फोन लावायला लावला आणि मोबाइल स्पीकरवर ठेवून स्वतः मुलाशेजारी बसले. शर्ट वर करून मिनिटभर श्वास मोजले. लंगोट किती ओले झाले, दूध किती पितोय, कान धरतोय का, सगळं तिला विचारलं आणि मला तसंच्या तसं पलीकडे सांगायला लावलं. असिस्टंट म्हणाली, उद्या बघू. बाबा पुढे वाकून इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, गोळ्या देऊ नका. पण मुलाला आज तपासा. गोळी नाकारायची तर तपासून नाकारा.” मग तीन वाजताची वेळ मिळाली.

डॉक्टरांनी छाती, कान, घसा तपासला, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जागच्या जागी चाचणी केली आणि अँटिबायोटिकची गरज नाही म्हणून सांगितलं. परत कधी यायचं तेही नीट सांगितलं. दोन दिवसांनी मूल खेळायला लागलं. मैत्रीण मात्र आमच्याशी आजतागायत धड बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. बाबांना वाटत नाही. “न बोलू दे,” ते म्हणाले. “पोरगं बोलायला लागेल तेव्हा मी त्याच्याशी बोलेन.”

परतीच्या आठवड्यात ते चकलीचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. इथे न लागणारी औषधं परत घेतात. काउंटरमागच्या मुलीनं एक खोकं पुढे केलं, ‘ओता’ म्हणाली. त्यांनी ओतलं नाही. एकेक पट्टी काढून, औषधाचं नाव वाचून, आत ठेवली. मागे रांग लागली होती. मी बाजूला उभी होते. मदत केली असती तर त्यांना चाललं नसतं.

पुढच्या वर्षी ते यायच्या आधी ग्रुपवर मेसेज मीच टाकला. 'बाबा येताहेत. गोळ्या आणणार नाहीत. डॉक्टर ऐकत नसेल तर मला फोन करा, मी सोबत येईन आणि भांडेन.' उत्तरं भराभर आली. कुणी अंगठा दाखवला, कुणी लिहिलं, 'तू पक्की डच झालीस.' एकानं लिहिलं, 'एका आजारपणानं एवढं अंगात येतं का?' मी मेसेज काढला नाही. तेव्हापासून सहा जणांबरोबर मी हाउसआर्ट्सकडे गेलेय. त्यातल्या दोघांना खरंच अँटिबायोटिक लागलं आणि ते मिळालं. दोघांकडूनही मी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पुरे करून घेतले, रोज फोन करून. एक जण वैतागून म्हणाला, “ताई, आता बास.” मी म्हटलं, “परवापर्यंत नाही.”

बाबांच्या पोटात ते जंतू अजून आहेत. मागच्या तपासणीतही निघाले. इथल्या हॉस्पिटलच्या फायलीत त्यांच्या नावापुढे खूण आहे, आणि ते कधीही दाखल झाले तरी आधी पिवळा गाऊन येणार. जातील का? डॉक्टरबाई म्हणाल्या, काहींचे जातात, काहींचे नाही.

गावात ते सकाळी दहाला दुकानात जाऊन बसतात, चुलतभावाला आवडो न आवडो. सुट्टी अँटिबायोटिकची गोळी त्यांच्यासमोर विकायची नाही. काही गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊ लागलीत. भाऊ मला फोन करून तक्रार करतो, “काकांना समजाव. तिथून इथे येऊन शहाणपण शिकवतात.” मी समजावत नाही. बाबांना फोन केला तर मागून दुकानाचा आवाज येतो, कुणाशी तरी त्यांची हुज्जत चाललेली असते. गेल्या रविवारी कुणी बाप्या म्हणत होता की मेडिकलवाले, तुम्हीच माझ्या वडलांना अशाच दोन गोळ्या द्यायचात की!

“द्यायचो,” बाबा त्याला म्हणाले. “आता देत नाही. आता गावात डॉक्टर रोज बसतो, समोरच दवाखाना आहे. जा, आधी चिठ्ठी आण. मी इथेच बसलोय.”

मग मला म्हणाले, “ठेव फोन. हा ऐकणाऱ्यांतला दिसत नाही.”